लेथच्या आवाजाआड

नवतपा लागला. उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. सूर्य रोहिणीत शिरला की आमच्या रायपुरात लोक एकमेकांना दोनच गोष्टी विचारतात: तुमचा कूलर चालून राहिला का, आणि घरातलं म्हातारं माणूस टिकून आहे का. तिसरं काही विचारायची ताकद कोणात नसते. सकाळ धड उजाडत नाही तोच शंकर नगरच्या गल्लीतलं डांबर चपलेला धरायला लागतं. गच्चीवर जावं, तर सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून उडत आलेली काळी धूळ पसरलेली असते. तिच्यावर पाय पडला की तळव्याला चटका आणि काजळी दोन्ही एकदम मिळतात. जुनी माणसं सांगतात, नवतपा चांगला तापला तर पाऊस चांगला. म्हणजे आधी भाजून घ्या, मग बघू. आमच्या सिंचनाच्या ऑफिसातही असंच सांगायचे. देवाचं खातं आणि ते खातं एकाच साहेबाच्या हाताखाली असावं.

मागच्या पडवीत, टिनाच्या छपराखाली, जुन्या चादरीनं झाकलेलं एक लेथ आहे. पितळेची किंवा लोखंडाची कांडी गरगर फिरवायची आणि पोलादी धारेनं तिची साल काढत तिला हवा तो आकार द्यायचा, हे त्याचं काम. आमच्याकडे त्याला खराद म्हणतात. वर्षभर त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या, पोत्यातले कांदे, नातीची जुनी सायकल असं काहीबाही टेकलेलं असतं. नवतप्यात मी सगळं बाजूला करते आणि चादर ओढते. खालून तेलाचा, गंजाचा आणि तापलेल्या पितळेचा एक वास उठतो. माझा मुलगा मिलिंद म्हणतो, कबाडीवाल्याला देऊन टाकू. मी म्हणते, दे, पण आधी मला दे.

हे लेथ घरात आणलं तेव्हा मी साठी ओलांडलेली होते, म्हणजे आजच्या मानानं पोट्टीच. त्या पोट्टीकडे वळून पाहिलं की मला हसू येतं. किती शहाणी होती! हसू थांबलं की दुसरं काहीतरी येतं, म्हणून मी हसणं जरा लांबवते.

झालं असं होतं, की त्या वर्षी थंडीत ह्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डावा हात राहिला, डोळे राहिले, कान राहिले. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अम्माजी, जो लौटना है, बरसात तक लौट आएगा. उसके बाद ज्यादा उम्मीद मत रखिए." दुसरी एखादी बाई हे ऐकून रडली असती. मी सरकारी नोकरी केलेली. मला फक्त मुदत ऐकू आली. पावसाळ्यापर्यंत. म्हणजे उन्हाळा अख्खा हातात आहे. एक शब्द तरी ह्या माणसाच्या तोंडून काढायचा, मग पाऊस पडो की दगड.

कोणता शब्द, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. त्या पोट्टीला स्वतःचं नाव ऐकायचं होतं. आता विनोद बघा. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं मला नावानं हाक मारली नव्हती. "आयकलं का" एवढंच. बाजारात, स्टेशनवर, लग्नाच्या गर्दीत, "आयकलं का" म्हटलं की पाचपन्नास बायका वळायच्या आणि त्यातली एक मी असायची. वाचा धडधाकट असताना ज्यानं नाव घेतलं नाही, तो वाचा गेल्यावर घेईल, अशी आशा धरून बसलेली बाई!

माझं तरी वेगळं काय होतं? मी "अवो" म्हणायची. ह्यांचं नाव मी घेतलं ते उखाण्यात. लग्नात, मुलाच्या बारशात, तेही पदर तोंडावर धरून, यमकाच्या आधारानं. मुलं बाबा म्हणायची, पुतणे काका म्हणायचे, रेल्वेच्या छोट्या लाईनीवरचे सोबती भैया म्हणायचे. त्या नावानं हाक मारणारी शेवटची व्यक्ती म्हणजे माझी सासू. ती गेली आणि ते नाव नुसतं पेन्शनच्या कागदावर उरलं.

वाचा परत यावी म्हणून घरी शिकवायला एक मुलगी यायची, दीप्ती. मूळची बलौदाबाजारकडची, हसरी, पायात पांढरे बूट. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "अम्माजी, आप इनको नाम लेकर बुलाइए. दिन भर. आदमी सब भूल जाता है, अपना नाम सबसे आखिर में भूलता है."

मी म्हटलं, "नाव?"

"हव, नाम."

"मी नाही घेत ह्यांचं नाव."

"क्यों, झगड़ा है क्या?"

तिला उखाणे समजावून सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला. ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. मग तिनं स्वतःच हाक मारून पाहिली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मागे "जी" लावून, लग्नात आहेर पुकारतात तसं. ह्यांनी भिंतीवरची पालही इतक्या दुर्लक्षानं पाहिली नसती.

"आपकी आवाज चाहिए," दीप्ती म्हणाली. "मेरी नहीं."

मी मान हलवली आणि आत जाऊन कुकर लावला. सरकारी माणूस अडचणीत आलं की उठून दुसऱ्या टेबलाकडे जातं.

त्याच कुकरानं घात केला. शिट्टी होऊन वाफ सुटली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या ह्यांची मान वळली. स्वयंपाकघराकडे. थोडा वेळ ते तिकडेच बघत राहिले. मी पुन्हा पाणी घालून रिकामाच कुकर लावला. पुन्हा मान वळली.

ह्यांची सुरुवात धमतरीच्या छोट्या लाईनीवर झाली होती, वाफेच्या इंजिनावर कोळसा घालायला. पुढे डिझेल आलं, बढती आली, रिटायरमेंट आली. पण गोष्टी सांगायचे त्या वाफेच्याच. डिझेलबद्दल म्हणायचे, "त्याले फक्त भूक लागते. श्वास नाही त्याले." आणि एक फुशारकी तर मी शंभरदा ऐकली असेल: "इंजिनावर ओरडा लागत नाही. डायवर हळूच बोलला तरी समजते. कान इंजिन बाजूले ठेवते अन् माणूस आयकते." मी पोळ्या लाटत "हो का" म्हणायची. बायकांचे कानही बरंच काही बाजूला ठेवतात.

तर पोट्टीनं हिशेब मांडला. कुकरच्या वाफेनं मान वळते, मग इंजिनाच्या वाफेनं जीभ का वळणार नाही? वाफेचं छोटं इंजिन करायचं, ह्यांच्या समोर टेबलावर चालवायचं. कोण करणार? मी करणार. मी कोण? सिंचन विभागातली रिटायर ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेली धरणाची दारं, चाकं, दांडे, सगळं मी मेणकापडावर शाईनं उतरवलं होतं. एवढी दारं काढली की ती जणू मीच उभी केली, असं मला वाटायचं. रेघ मारता आली म्हणजे वस्तू करता आली, ह्या समजुतीवर माझी सगळी नोकरी पार पडली होती.

सिलतऱ्याला वर्माजींचं एक छोटं वर्कशॉप बंद होत होतं. त्यांच्याकडचं सगळ्यात लहान लेथ मी उचललं. टेम्पोतून ते उतरलं तेव्हा मिलिंद दारात उभा. आमचा मुलगा मराठी सगळं समजतो, उत्तर मात्र हिंदीतून देतो.

"आई, यह क्या है?"

"खराद."

"इस उमर में?"

"काहून, खरादले उमर लागते का?"

"आई, बाबा की हालत देखो और..."

"तेच पाहून आणलं."

जिथं धुण्याचा दगड होता तिथं चौथरा बांधून लेथ बसवलं. वेताची खुर्ची पडवीच्या दारात ठेवून ह्यांना तिच्यात बसवलं, डाव्या हातात काठी दिली. आणि मी पहिलं काम काय केलं? लेथ घासलं. गंजलेलं, तेलकट, परक्या घरातून आलेलं. आपल्याकडे नवीन भांडं आलं की जे करतात तेच. चिंच कोळून घेतली, चुलीची राख मागून आणली आणि समई घासावी तसं ते लोखंड नखाच्या कोपऱ्यांनी घासलं. वर पाण्याच्या बादल्या ओतल्या. लेथ असं चमकलं की मी कुंकवाची डबी आणायला आत गेले. संध्याकाळपर्यंत त्याच्या अंगावर नारिंगी बुरशी चढली, आणि राखेचे कण सरकपट्टीत अडकून पुढे महिनाभर करकरत राहिले. घासत असताना ह्यांच्या तोंडाचा डावा कोपरा थरथरला होता. मी घाबरून दीप्तीला फोन केला, दुखतं आहे बहुतेक. आता वाटतं, हसले असावेत.

मेणकापडावर चूक झाली तर ब्लेडनं शाई खरवडायची, वरून रेघ मारायची, साहेबाला पत्ता लागायचा नाही. लेथवर तसं नाही. गेलेलं पितळ परत चढत नाही. हे वाक्य मी इथं एका ओळीत लिहिलं, पण शिकायला माझा चैत्र गेला. पहिली कांडी मी आगपेटीतल्या काडीएवढी होईपर्यंत सोलली, कारण दर वेळी वाटायचं, अजून थोडं. दुसरी फिरता फिरता उडून टिनाला लागली आणि शेजारच्यांचं कुत्रं दिवसभर पलंगाखाली बसलं. पदर एकदा फिरत्या भागाकडे असा काही ओढला गेला, की मी बटन बंद केलं आणि तिथंच खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून साडीवर ह्यांचा जुना खाकी शर्ट चढवला, बटनं गळ्यापर्यंत. आरशात पाहिलं तर तिकीट तपासनीस.

पिस्टनची गंमत तर विचारू नका. दुपारी टिनाखाली, कट घेतल्या घेतल्या, हाताला चटका बसत असताना मी मोजून घेतला. अगदी बरोबर! माझं मलाच कौतुक. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं, तर तो सिलिंडरात असा शिरला जसा एकटा पाहुणा रिकाम्या बंगल्यात. गरम असताना सगळंच मोठं भासतं. त्या पोट्टीची आशाही दुपारचीच होती.

आता नावाचं.

हे लेथ म्हातारं. पट्टा फटफटतो, गिअर खडखडतात, वरचं टीन थरथरतं, शेजारी कूलर ओरडतो. त्या आवाजात मला माझा आवाज ऐकू येत नाही. एका सकाळी फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिनाच्या चाकाचं, काम चाललं होतं. ह्यांच्याकडे माझी पाठ, ते मागे दारात. कट लावण्याआधी मी ओठ हलवून पाहिले. मग थोडा आवाज लावला. पहिल्यांदा शिवी देऊन बघतात ना, तसं वाटलं. कान तापले. इकडे तिकडे पाहिलं. गच्चीवर कावळा सोडून कोणी नव्हतं. पुन्हा घेतलं. छान नाव आहे हो. तीन अक्षरी, शेवटी जीभ टाळूला लागते. इतकी वर्षं घरात होतं आणि कधी वापरायला काढलं नव्हतं.

मागून आवाज आला. ठक ठक.

काठीचे दोन ठोके, फरशीवर. मी दचकून लेथ बंद केलं. वळून पाहिलं तर ते माझ्याकडे बघत होते. काय झालं? काय चुकलं? मी टूल, म्हणजे ती कापणारी धार, तपासलं, आणि खरंच, ते धरणारा बोल्ट जरा सैल होता! तसाच कट लावला असता तर काम बिघडलं असतं. मला असा आनंद झाला की मी तशाच तेलकट हातांनी त्यांचे पाय धरले.

"अवो, तुम्हाले आवाजावरून समजते! सांगत राहा, सांगत राहा!"

त्यानंतर तो नेमच झाला. कट लावण्याआधी मी लेथच्या आवाजाआड नाव घ्यायची. काही जण काम सुरू करताना देवाचं घेतात, तसं. आणि मागून ठोके यायचे, ठक ठक. आले की मी थांबायची, बोल्ट आवळायची, धार बघायची, कांडी नीट धरली आहे का पाहायची. काही ना काही सापडायचंच. नवशिक्याच्या लेथवर चुकांचा दुष्काळ नसतो. कधी दिवसातून इतक्यांदा ठोके पडायचे की मी चिडायची: "आता काय चुकलं? बसू द्या ना मले सुखानं करत!" ते बघत राहायचे. मी बोल्ट आवळायची.

दीप्तीला मी अभिमानानं सांगितलं, "मशीनचा आवाज ऐकून चूक सांगतात."

"बहुत अच्छा है अम्माजी. और आप नाम ले रही हैं न?"

"हव," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

"मेरे सामने लीजिए."

"आता स्वयंपाक आहे."

वैशाख असा गेला. अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या पोरींनी बाहुल्यांची लग्नं लावली, ढोलकी वाजली. मी काचेवर सिलिंडरची बाजू घासून सपाट करत बसले होते. सकाळी रात्रभर पाण्यात ठेवलेल्या भाताची बासी खायची, कांदा खायचा, उन्हं चढायच्या आत कामाला लागायचं. हाताच्या भेगांत पितळेचा कीस बसायचा आणि कणकेत चमकायचा. मिलिंद पोळी उन्हात धरून बघायचा. ह्यांचे गाल आत गेले होते. भरवलेला घास उजव्या गालात तसाच राहायचा, तो मी बोटानं काढायची. त्या बोटाला तेलाचा वास असायचा. त्यांनी तोंड कधी फिरवलं नाही.

बॉयलर गोलबाजारातल्या भांडी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याच्या नळीला डाग देऊन करून घेतला. आधी सायकलच्या पंपानं हवा भरून पाहिली. मिलिंद पंप मारायला लागला, कुरकुरत, मग चुरशीनं. चाक अडलं, मी बोटानं टिचकी दिली, आणि ते फिरलं. मिलिंद पंप सोडून लहान असताना ओरडायचा तसा ओरडला, "आई, चल रहा है!" त्या दिवशी घरात बऱ्याच महिन्यांनी मोठ्यानं कोणी बोललं.

मग नवतप्यात, आभाळ पांढरं पडलं होतं तेव्हा, आम्ही ते खऱ्या वाफेवर चालवलं. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर इंजिन, समोर खुर्चीत ते. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत हलू नये म्हणून कूलर बंद केला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. घामाच्या धारा. दीप्ती मुद्दाम आली होती. बॉयलर आधी कुजबुजला, मग फुसफुसला. मी टिचकी दिली. चाक एकदा मागेपुढे झालं आणि सुटलं. फुक् फुक् फुक् फुक्. छोटंसं सिलिंडर डोलायला लागलं, वाफेचे पुंजके उडायला लागले, गरम तेलाचा वास खोलीभर झाला. एवढं हलकं, एवढं नीट. मी केलेलं. त्या एका क्षणापुरती ती पोट्टी मला आजही आवडते.

त्यांनी पाहिलं. डोळे चाकावर होते. ओठ जरा उघडले.

"अम्माजी, अब!" दीप्ती माझा हात दाबत म्हणाली. "अब नाम लीजिए! अभी!"

खोलीत इंजिनाच्या श्वासाखेरीज आवाज नव्हता. मुलगा बघत होता, दीप्ती बघत होती, ते बघत होते. नाव माझ्या जिभेच्या टोकावर आलं. तीन अक्षरं. रोज सकाळी घेतलेली. आणि मी म्हटलं, "अवो, पहा ना, कसं चालून राहिलं!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी उचलली. इंजिनाकडे नाही. मागच्या दाराकडे, पडवीकडे, लेथकडे रोखली.

"काय? काही राहिलं का?"

काठी तशीच.

"चाक वाकडं आहे? पुन्हा लावायचं लेथवर? अवो, चालून राहिलं ना चांगलं!"

काठी हलेना. हात थरथरायला लागला, खांदा थरथरायला लागला, तरी ती खाली येईना.

"बाबा को पसंद नहीं आया शायद," मिलिंद हळूच म्हणाला.

मला असा संताप आला. सगळा उन्हाळा जाळला, बोटं सोलली, आणि ह्या माणसाला अजून एक कटच पाहिजे! मी फुंकर मारून दिवा विझवला. चाक आणखी दोन-चार फेरे फिरून थांबलं. "चहा करते," म्हटलं आणि आत गेले. परत आले तेव्हा काठी खाली आली होती. दीप्तीनं चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी लेथवर चादर टाकली. काम संपलं होतं ना. इंजिन झालं होतं. आता आणखी कशासाठी चालवायचं? ते रोज खुर्ची पडवीच्या दारात ठेवायला लावायचे, काठीनं दाखवून. चादरीकडे बघत बसायचे. कधी पुढे वाकून काठीचं टोक चादरीला लावायचे. मी म्हणायची, "झालं आता ते. किती चुका काढाल?" मग पाऊस आला, झड आत यायला लागली, आणि मी खुर्ची दारातून उचलून भिंतीशी ठेवली. ते भिजू नयेत म्हणून.

वाचा आली नाही. डॉक्टरांची मुदत त्यांच्या बाजूनं अगदी बरोबर निघाली. पोळ्याच्या आधी दुसरा झटका आला आणि ते गेले. शेवटी मी कानाशी तोंड नेलं होतं. खोली माणसांनी भरलेली. मी "अवो" म्हटलं.

पुढच्या वर्षी नवतपा लागला. मला काही करायचं नव्हतं, पण त्या वासाशिवाय ऊन अंगाला खायला उठलं होतं. चादर काढली, खाकी शर्ट घातला, एक पितळेची कांडी धरली, बटन दाबलं. पट्टा फटफटला, टीन थरथरलं. सवयीनं नाव घेतलं.

आणि माझा उजवा हात उचलला जाऊन टूलचा बोल्ट आवळायच्या पान्याकडे गेला.

कट अजून लावला नव्हता. टूल कांडीला टेकलंसुद्धा नव्हतं. करकर नव्हती, आवाज नव्हता, चूक नव्हती. चूक व्हायला अजून काही सुरूच झालं नव्हतं. तरी हात पान्याकडे गेला होता, कारण सबंध उन्हाळा त्याला एवढाच क्रम कळला होता: नाव, मग ठक ठक, मग बोल्ट. ठोके कटानंतर कधी आलेच नव्हते. ते नावानंतर यायचे. हाताला ते ठाऊक होतं. रेघा मारणाऱ्या त्या शहाणीला नव्हतं.

कान इंजिन बाजूले ठेवते अन् माणूस आयकते. पोळ्या लाटत शंभरदा ऐकलं होतं मी.

एका शब्दासाठी जीव टाकत होते ना? ते रोज बोलत होते. मी हाक मारायची आणि ते ओ द्यायचे. मी बोल्ट आवळायची. आणि त्या भरल्या खोलीत, कूलर बंद, पंखा बंद, सगळे श्वास रोखून बसलेले असताना ते मला फक्त एवढंच सांगत होते, की ते मशीन लाव. त्याच्याशिवाय तुझ्या तोंडून निघत नाही.

लेथ मी बऱ्यापैकी शिकले बरं का. इतक्या वेळा बोल्ट तपासणारी बाई शिकणारच.

इंजिन कपाटात आहे. नात मैत्रिणींना दाखवते, "आजी ने बनाया है," आणि त्या फोटो काढतात. मी ते पुन्हा कधी पेटवलं नाही. तुम्ही म्हणाल, एवढं सगळं सांगितलं, मग नाव तरी सांगा. नाही सांगत. लिहिताना आजूबाजूला फार शांतता असते.

कांडी तीच आहे. दरवर्षी नवतप्यात तिची एक साल निघते. आता ती इतकी बारीक झाली आहे की टूल लागलं की वाकते आणि किंचाळते, आणि ही चूक खरी असते. एखाद्या वर्षी तुटेल. आज सकाळी उन्हं चढायच्या आत मी शर्टाची बटनं गळ्यापर्यंत लावली, बटन दाबलं, मागे वळून दाराकडे पाहिलं नाही. नाव घेतलं. हात पान्याकडे निघाला. मी त्याला दुसऱ्या हातानं धरलं आणि थांबले, दोन ठोके मावतील एवढं. मग टूल पुढे सरकवलं.